क्ष-किरण तंत्र आणि विकिरण-सुरक्षा : प्रात्यक्षिके सुरू होताना पडलेल्या शंका

नवशिकी_तंत्रज्ञ

नमस्कार. मी रेडिओग्राफीच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. वर्गातील भौतिकशास्त्राचा भाग संपून आता एक्स-रे विभागातील प्रात्यक्षिके सुरू झाली आहेत, आणि वहीत सुटसुटीत वाटणाऱ्या गोष्टींचा मशीनसमोर उभे राहिल्यावर गोंधळ उडतो आहे. जाणकारांनी वेळ काढून उत्तरे दिल्यास मोठी मदत होईल.

पहिली शंका केव्ही (ट्यूबवरचा किलोव्होल्टमधील विद्युतदाब) आणि एमएएस (ट्यूबमधील मिलिअँपिअर प्रवाह गुणिले सेकंद) यांच्याबद्दलची आहे. कंट्रोल पॅनेलशेजारी लावलेला तक्ता मी पाठ केला आहे. परंतु रुग्ण नेहमीपेक्षा जाड किंवा कृश असेल, अथवा ट्यूबचे अंतर बदलावे लागले, तर नेमका कोणता आकडा बदलायचा आणि तोच का, हे मला स्वतःहून ठरवता येत नाही. शिवाय आमच्याकडे सर्व यंत्रणा डिजिटल असल्यामुळे एक्स्पोजर (किरणांची मात्रा) चुकले तरी पडद्यावरची प्रतिमा बहुधा चांगलीच दिसते. ‘थोडे जास्तच ठेव, म्हणजे रिपीट करावा लागत नाही’ असा सल्ला मला एकाहून अधिक ज्येष्ठांनी दिला आहे. तो कितपत योग्य आहे?

दुसरी शंका स्वतःच्या सुरक्षेची. वेळ, अंतर आणि आडोसा ही त्रिसूत्री मला ठाऊक आहे, पण वॉर्डमध्ये पोर्टेबल एक्स-रे काढताना भिंतीचा आडोसा नसतो. तिथे विखुरलेले किरण माझ्यापर्यंत किती पोहोचतात? आणि लहान मुलाला धरून ठेवण्यास सांगितले तर विद्यार्थ्याने काय करावे?

तिसरी शंका शिशाच्या आवरणाची. छातीचा एक्स-रे काढताना काही रुग्ण पोटावर शिशाचे आवरण मागतात. ते द्यावे की न द्यावे, याबद्दल आमच्या विभागातच दोन मते आहेत.

डार्करूम_ते_डिजिटल

तुमच्या पहिल्या शंकेबद्दल लिहितो, कारण पुढचे बरेचसे तिच्यावरच उभे आहे.

केव्ही आणि एमएएस यांची कामे वेगळी आहेत, हे एकदा पक्के झाले की तक्ता पाठ करण्याची गरज निम्मी होते. केव्ही किरणांची भेदनशक्ती ठरवतो, म्हणजे ते अवयवाच्या पलीकडे पोहोचतील की नाही आणि हाड, स्नायू व हवा यांच्या छटांत किती फरक दिसेल हे त्यावर ठरते. एमएएस किरणांची संख्या ठरवतो. म्हणून आधी ‘या अवयवातून आरपार जायला किती भेदनशक्ती लागेल’ हा प्रश्न स्वतःला विचारावा आणि मग ‘किती किरण पुरतील’ हा. हाताच्या पंजासाठी 50 ते 55 केव्ही, ग्रिडशिवाय (विखुरलेले किरण गाळणारी जाळी न लावता) आणि लहान फोकल स्पॉट (ट्यूबमधला किरण निघण्याचा बिंदू) वापरून काम भागते, कारण अवयव पातळ आहे आणि हाडाची बारीक जाळी दिसायला हवी. छातीच्या पीए (किरण पाठीकडून छातीकडे जाणाऱ्या) प्रतिमेसाठी मात्र ग्रिडसह 110 ते 125 केव्ही वापरतात, कारण तिथे बरगड्यांचा पांढरेपणा कमी होऊन त्यांच्या आणि हृदयाच्या मागचे फुप्फुस दिसणे महत्त्वाचे असते.

रुग्ण जाड असेल तर एमएएस वाढवत नेण्याआधी केव्हीचा विचार करावा. केव्ही साधारण 15 टक्क्यांनी वाढवला तर डिटेक्टरवर (किरण टिपून प्रतिमा बनवणाऱ्या पाटीवर) पडणारे एक्स्पोजर जवळजवळ दुप्पट होते, म्हणजे एमएएस निम्मा करता येतो. 70 वरून 80 केव्हीवर गेलात आणि एमएएस अर्धा केलात, तर डिटेक्टरला तेवढेच किरण मिळतात, पण रुग्णाच्या त्वचेवरील डोस सुमारे एक-तृतीयांशाने उतरतो. याची किंमत म्हणजे कॉन्ट्रास्ट (छटांतला फरक) थोडा कमी होतो आणि विखुरणाऱ्या किरणांचा वाटा वाढतो. ती किंमत कुठे परवडते आणि कुठे नाही, हे ठरवणे हेच आपल्या कामातले खरे कौशल्य आहे. मणक्याच्या एखाद्या बारीक फ्रॅक्चरचा संशय असताना मी केव्ही सहजासहजी चढवत नाही.

अंतराचा हिशेब वर्गव्यस्त नियमाने करायचा. समजा, भिंतीवरच्या स्टँडवर 180 सेंटिमीटरवरून काढण्याची प्रतिमा रुग्ण उभा राहू शकत नसल्यामुळे 100 सेंटिमीटरवरून काढावी लागली. 180 भागिले 100 याचा वर्ग 3.24 येतो, म्हणजे बाकी सर्व तसेच असेल तर एमएएस सुमारे एक-तृतीयांश पुरतो. तो बदलायचा राहिला तर रुग्णाला तिपटीहून अधिक डोस मिळतो, आणि डिजिटल पडद्यावर तुम्हाला त्याचा मागमूसही दिसत नाही.

इथेच ‘थोडे जास्तच ठेव’ या सल्ल्याचा दोष आहे. फिल्मच्या काळात एक्स्पोजर जास्त झाले की फिल्म काळी पडायची आणि चूक सर्वांना दिसायची. डिजिटल डिटेक्टर मात्र फार मोठ्या पल्ल्यातले एक्स्पोजर सांभाळून घेतो. कमी झाले तर प्रतिमा दाणेदार दिसते आणि रेडिओलॉजिस्ट तक्रार करतात; जास्त झाले तर ती उलट अधिक गुळगुळीत दिसते आणि कोणीच काही बोलत नाही. त्यामुळे कोणाच्याही मनात वाईट हेतू नसताना विभागातले आकडे वर्षागणिक वर सरकत राहतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक प्रतिमेसोबत येणारा एक्स्पोजर इंडेक्स आणि त्याच्याशेजारचा डेव्हिएशन इंडेक्स वाचण्याची सवय लावून घेणे. डेव्हिएशन इंडेक्स शून्याच्या आसपास असेल तर एक्स्पोजर विभागाने ठरवलेल्या लक्ष्याइतके आहे. अधिक 3 म्हणजे साधारण दुप्पट आणि उणे 3 म्हणजे साधारण निम्मे. मात्र हा आकडा डिटेक्टरला काय मिळाले ते सांगतो, रुग्णाला मिळालेला डोस नव्हे, आणि सेंटरिंग चुकले किंवा झोतात धातूचे रोपण आले तर तो फसवूही शकतो. रुग्णाच्या डोसचा अंदाज हवा असेल तर डोस-क्षेत्र गुणाकाराचे वाचन पाहावे.

कोलिमेशन, म्हणजे झोताचे क्षेत्र आखडणे, याबद्दल एकच आग्रह धरतो. प्रकाशाची चौकट अवयवाएवढीच ठेवा आणि तिच्या कडा प्रतिमेत दिसू द्या. क्षेत्र लहान झाले की विखुरलेले किरण घटतात, त्यामुळे रुग्णाचा डोस कमी होतो आणि प्रतिमाही सुधारते. एका कृतीतून दोन्ही साधणारी दुसरी इतकी सोपी गोष्ट आपल्या हातात नाही. मोठे क्षेत्र घेऊन नंतर संगणकावर काठ कापणे म्हणजे कोलिमेशन नव्हे. रुग्णाला जे किरण मिळायचे ते तोवर मिळून गेलेले असतात.

वैद्यकीय_भौतिकी

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. दुसऱ्या शंकेतील आकड्यांविषयी लिहिते.

निदानासाठीच्या एक्स-रे कक्षात तंत्रज्ञाला मिळणारे किरण बहुतांशी ट्यूबमधून थेट येत नाहीत. ते रुग्णाच्या शरीरातून विखुरून येतात. म्हणून उभे राहण्याची जागा ठरवताना नजर रुग्णाकडे असावी. रुग्णाच्या अंगावर मूळ झोताची जी तीव्रता असते, तिच्या साधारण एक-सहस्रांश तीव्रता 1 मीटर अंतरावर काटकोनात आढळते, असा ढोबळ पण उपयुक्त नियम आहे. क्षेत्र मोठे असेल तर हा वाटा वाढतो, म्हणजे घट्ट कोलिमेशन तुमचेही रक्षण करते. 1 मीटरवरून 2 मीटरवर गेलात की तीव्रता चौथाईवर येते. पोर्टेबल मशीनची एक्स्पोजरची दोरी निदान 2 मीटर लांब असते ती याच कारणासाठी, आणि अनेक जण ती निम्मीच ताणून उभे राहतात हे पाहून मला मनापासून वाईट वाटते. दोरी पूर्ण ताणावी, झोताच्या दिशेत कधीही उभे राहू नये, शिशाचा ॲप्रन घालावा, शेजारच्या खाटांकडे एकदा पाहावे, ‘एक्स-रे’ असा मोठ्याने इशारा द्यावा आणि सर्व जण दूर झाल्याची खात्री करून मगच बटण दाबावे.

इतकी काळजी घेतली तर वॉर्डमधील छातीच्या एका प्रतिमेमागे तुम्हाला मिळणारा डोस मायक्रोसिव्हर्टच्या (सिव्हर्ट हे विकिरण-डोसचे एकक) लहानशा अंशाएवढाच असतो. तुलनेसाठी, निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला सुमारे साडेसहा मायक्रोसिव्हर्ट इतका डोस मिळतच असतो. छातीच्या पीए प्रतिमेत रुग्णाला मिळणारा परिणामी डोस (संपूर्ण शरीराच्या जोखमीच्या हिशेबाने काढलेला) सुमारे 0.02 मिलिसिव्हर्ट, म्हणजे नैसर्गिक पार्श्वभूमीच्या साधारण तीन दिवसांएवढा. भीती बाळगण्याचे कारण नाही. पण निष्काळजीपणाचेही नाही, कारण रुग्ण एखाद्या वेळी येतो आणि तुम्ही पुढची अनेक वर्षे रोज तिथे असणार आहात.

आंतरराष्ट्रीय विकिरण संरक्षण आयोगाच्या शिफारशीनुसार विकिरणाशी संबंधित काम करणाऱ्या व्यक्तीसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट अशी असून कोणत्याही एका वर्षात 50 पेक्षा अधिक होता कामा नये. डोळ्याच्या भिंगासाठी पूर्वी वर्षाला 150 ही मर्यादा होती. 2011 मध्ये ती पाच वर्षांच्या सरासरीने 20 वर आणण्याची शिफारस झाली. सर्वसामान्य नागरिकांसाठी ती 1 मिलिसिव्हर्ट आहे. सोळा ते अठरा वर्षे वयाच्या प्रशिक्षणार्थींसाठी आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकांत वर्षाला 6 मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा ठेवलेली आहे. आपापल्या देशाचा नियम याहून कडक असू शकतो आणि असेल तर तोच पाळावा. सामान्य रेडिओग्राफीत नीट काम करणाऱ्याचे वार्षिक वाचन या मर्यादांच्या पुष्कळ खाली राहते, त्यामुळे ‘मर्यादेच्या आत आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. मागच्या वेळेपेक्षा वाचन अचानक वाढले, तर कामाच्या पद्धतीत काय बदलले याचा शोध घ्यावा.

डोस मोजणारा बॅज छातीच्या उंचीवर, ॲप्रनच्या आत लावावा आणि काम संपल्यावर नेमून दिलेल्या जागी ठेवावा. एक्स-रे कक्षात विसरलेला बॅज तुमच्या नव्हे, भिंतीच्या डोसची नोंद करतो. ॲप्रन घडी घालून ठेवू नये, टांगून ठेवावा, कारण घडीच्या रेषेवर आतल्या थराला भेगा पडतात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत; म्हणूनच ॲप्रनांची ठरावीक काळाने किरणांखाली तपासणी करतात. आणि ॲप्रन विखुरलेल्या किरणांसाठी असतो, मूळ झोतात उभे राहण्याचा परवाना म्हणून त्याकडे कधीही पाहू नये.

बालरुग्ण_रेडिओग्राफर

मूल धरण्याबद्दल मी स्पष्ट लिहिते. हे काम विद्यार्थ्याचे नाही, आणि विभागातल्या कोणत्याही एकाच कर्मचाऱ्याचे नित्याचे काम तर मुळीच नाही. रुग्णाच्या सोबत आलेली व्यक्ती ते वर्षातून एखाद्या वेळी करते. विभागातली व्यक्ती रोज करू लागली तर तोच डोस साठत जातो. क्ष-किरणांच्या सुरुवातीच्या काळात डॉक्टर आणि तंत्रज्ञ स्वतःचा हात झोतात धरून ट्यूबची ताकद तपासत असत. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांमुळे झालेल्या कर्करोगाने 1904 मध्ये दगावले. त्याआधी त्यांचे हात कापावे लागले होते. बोटे चौकटीत येऊ द्यायची नाहीत, हा नियम असा माणसे गमावून शिकलेला आहे.

प्रत्यक्षात क्रम असा ठेवावा. आधी मूल न धरता काम होते का ते पाहावे. वाळूच्या पिशव्या, फोमचे आधार, पट्टे यांनी बरेच साधते. नाहीच साधले तर आई-वडिलांपैकी गर्भवती नसलेल्या एकाला ॲप्रन घालून, कुठे आणि कसे धरायचे हे एक्स्पोजरच्या आधी करून दाखवून, हात प्रकाशाच्या चौकटीबाहेर असल्याची खात्री करून धरायला सांगावे. ट्यूब, अंतर, कोलिमेशन, आकडे हे सारे मुलाला आत घेण्यापूर्वीच तयार ठेवावे, म्हणजे मूल जागेवर आल्यानंतर फक्त बटणाचे काम उरते. वेळ शक्य तितकी कमी ठेवावी. छातीच्या प्रतिमेत रडणारे मूल ही अडचण वाटते खरी, पण रडण्याच्या दोन हुंदक्यांच्या मध्ये ते खोल श्वास आत घेते. पोट फुगताना दिसेपर्यंत नजर मुलावर ठेवावी, बटणाचा पहिला टप्पा दाबून रोटर (ट्यूबमधला फिरणारा भाग) आधीच तयार ठेवावा आणि श्वास आत जाताच दुसरा टप्पा दाबावा.

तुम्हाला धरायला सांगितले तर नम्रपणे पण ठामपणे नकार द्या आणि पर्यायी व्यवस्था मागा. तो तुमचा हक्क आहे.

प्रशिक्षक_रेडिओग्राफी

तिसऱ्या शंकेवर विभागात दोन मते असणे स्वाभाविक आहे, कारण या बाबतीत शास्त्राची भूमिका आपल्या डोळ्यांदेखत बदलली आहे. जननेंद्रियांवर आवरण घालण्याची पद्धत आनुवंशिक परिणामांच्या भीतीतून रूढ झाली. पुढे हिरोशिमा आणि नागासाकी येथील वाचलेल्या लोकांच्या अपत्यांचा दीर्घ अभ्यास होऊनही असा परिणाम माणसात दिसून आला नाही. आंतरराष्ट्रीय विकिरण संरक्षण आयोगाने जननग्रंथींना दिलेला भारांक (एकूण जोखमीत त्या अवयवाचा वाटा) 1977 मध्ये 0.25 होता, तो 1990 मध्ये 0.20 आणि 2007 मध्ये 0.08 झाला. 2019 मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने रुग्णाच्या जननेंद्रियांवर आणि गर्भावर सरसकट आवरण घालणे थांबवावे, अशी भूमिका घेतली.

त्यामागची कारणे समजून घेतली तर रुग्णाशी बोलणे सोपे जाते. छातीच्या तपासणीत पोटापर्यंत जो थोडा डोस पोहोचतो, तो मुख्यतः शरीराच्या आतून विखुरत जातो. बाहेरचे आवरण त्याला अडवू शकत नाही. ओटीपोटाच्या प्रतिमेत बीजांडकोशांची जागा प्रत्येक स्त्रीत थोडी वेगळी असल्यामुळे आवरण नेमके त्यावर येईलच असे नाही, आणि ज्या भागात आजार शोधायचा तोच झाकला जाऊ शकतो. सर्वांत धोक्याची बाब स्वयंचलित एक्स्पोजर नियंत्रणाची आहे. आवरण त्याच्या संवेदक कक्षावर आले, तर किरण कमी पडत आहेत असे समजून यंत्र एक्स्पोजर लांबवते आणि रुग्णाचा डोस उलट वाढतो.

डार्करूम_ते_डिजिटल

शास्त्र मान्य आहे, पण विद्यार्थ्यांसाठी एक पुस्ती जोडतो. विभागाच्या लेखी कार्यपद्धतीत आवरण अजून सांगितलेले असेल, तर ते स्वतःच्या जबाबदारीवर बंद करू नका. विषय प्रभारींकडे मांडा. आणि घाबरलेला रुग्ण सर्व समजावूनही आवरण मागत असेल, ते झोताच्या क्षेत्रापासून पुरेसे दूर राहत असेल आणि प्रतिमेत वा संवेदकावर येणार नसेल, तर मी ते देतो. त्याच्या मनाची शांतता हीसुद्धा तपासणी एकाच प्रयत्नात पार पडण्यासाठी लागते.

प्रशिक्षक_रेडिओग्राफी

हे मला मान्य आहे, फक्त आधी समजावण्याचा खरा प्रयत्न व्हावा. आवरण मुकाट्याने हातात दिले की तपासणी फार धोक्याची असल्याचा समज अधिकच पक्का होतो.

नवशिकी_तंत्रज्ञ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता एक जोडशंका. रिपीटमुळे डोस दुप्पट होतो, म्हणून तो टाळावा, हे कळले. पण समजा छातीच्या पीए प्रतिमेत एका बाजूचा खालचा कोन किंचित कापला गेला, किंवा रुग्ण थोडा वळलेला दिसला, तर पुन्हा काढायचे की नाही, हे कशावरून ठरवावे?

डार्करूम_ते_डिजिटल

रिपीटचा निर्णय प्रतिमेच्या देखणेपणावर घेऊ नये, विनंतीपत्रात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळते की नाही यावर घ्यावा. छातीत पाणी आहे का असे विचारलेले असेल आणि कॉस्टोफ्रेनिक कोनच (फुप्फुसाचा खालचा बाहेरचा कोपरा) कापला गेला असेल, तर ती प्रतिमा अपुरी आहे. त्यातही दोन्ही फुप्फुसे पुन्हा घेण्याची गरज असतेच असे नाही. रेडिओलॉजिस्टच्या संमतीने फक्त खालच्या भागापुरते कोलिमेशन करून काम भागू शकते. हेच विनंतीपत्र फुप्फुसाच्या शिखरातील जुन्या व्रणाबद्दल असेल, तर कापलेल्या कोनासाठी पुन्हा किरण देणे समर्थनीय ठरत नाही.

वळण तपासण्यासाठी दोन्ही क्लॅव्हिकलांची (गळ्याखालच्या आडव्या हाडांची) आतली टोके मधल्या स्पायनस प्रोसेसपासून (मणक्याच्या मागच्या टोकापासून) सारख्या अंतरावर आहेत का ते पाहावे. किरकोळ फरक चालतो. पण हृदयाचा आकार किंवा श्वासनलिकेची जागा हाच प्रश्न असेल आणि वळणामुळे नेमके तेच चुकीचे दिसत असेल, तर चालत नाही. श्वासासाठी उजव्या बाजूला श्वासपटलाच्या वर मागच्या सुमारे दहा बरगड्या मोजता आल्या पाहिजेत.

यातले बहुतेक रिपीट बटण दाबण्यापूर्वी टळतात. रुग्णाची ओळख आणि तपासणीची बाजू पडताळावी, गर्भधारणेच्या शक्यतेबद्दल विचारावे, गळ्यातले दागिने आणि कपड्यांवरची बटणे काढायला सांगावीत. मग हनुवटी वर, छाती स्टँडला टेकलेली, हाताचे पंजे कमरेवर ठेवून कोपर पुढे ढकललेले, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. डावी-उजवीची खूण झोताच्या आत लावावी. ती नंतर संगणकावर टाकण्याच्या भरवशावर राहू नये. श्वास घेण्याची एक रंगीत तालीम करून घ्यावी, कारण अनेक रुग्ण ‘श्वास घ्या’ म्हटल्यावर तो घेऊन लगेच सोडतात. तालमीत ते कळते आणि सूचना बदलता येते.

एवढे करूनही रिपीट लागला तर तो लपवू नका. नाकारलेली प्रतिमा पुसून न टाकता कारणासह नोंदवा: पोझिशनिंग, श्वास, हालचाल, एक्स्पोजर, बाह्य वस्तू. ठरावीक काळाने या नोंदी पाहिल्या की कोणत्या तपासणीत, कोणत्या कारणाने किरण वाया जात आहेत ते विभागाला दिसते, आणि विद्यार्थ्याला स्वतःचा सराव नेमका कुठे वाढवायचा हेही त्यातूनच कळते.